विहिरीत ओतलेला टँकर

खालून मुकादमाने हाक मारली तेव्हा यारीच्या ब्रेकजवळ बसलेल्या वहिनीच्या काळजाने उडीच मारली. तिचा नवरा विहिरीच्या तळातून उगाच हाका मारणाऱ्यांतला नव्हता.

"ओल लागली का?" तिने काठावरून वाकून विचारलं.

"भेग लागली. पहार हातभर आत गेली."

"आणि ओल?"

"ओल असती तर सांगितलं नसतं का? डबा सोड खाली."

तिने डबा सोडला. यारीचं इंजिन खोकलं, दोर ताणला गेला आणि थोड्या वेळाने गाळाने भरलेला डबा डुलत वर आला. दोघा बायकांनी तो ओढून ढिगावर रिकामा केला. वरून काळपट दिसणारा गाळ बोटांत चुरगाळला की त्याचा नुसता भुगा होत होता. वहिनीने रोजच्यासारखा तो चुरगाळून बघितला आणि हात झटकले. तळव्यांवरचे फोड फुटून आता तिथे चामडं धरलं होतं, त्यामुळे हाताला ओल कळते की नाही याचीही तिला शंका येऊ लागली होती.

या माणसांना सगळे उपसा मंडळी म्हणत. बुजलेल्या जुन्या विहिरी फुकट उपसून द्यायच्या, गावाने फक्त हात लावायचा, असा त्यांचा नेम होता. सुरुवात केली मुकादमाच्या बापाने, आबाने. आबाने उमेदीत मजुरी घेऊन पुष्कळ विहिरी खोदल्या आणि म्हातारपणी बघतो तर निम्म्या विहिरींत लोकांनी कचरा टाकलेला. "मी काय यांच्यासाठी उकिरडे खणले होते?" असं म्हणत तो एक दिवस स्वतःच घमेलं घेऊन उतरला आणि जाताना मुलालाही ओढलं. मग सून आली, तिने यारीचा ब्रेक हातात घेतला. मुकादम खाली असताना तो ब्रेक दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तो तयार नसे. गावोगावच्या विहिरी झाल्या आणि स्वतःच्याच गावची राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. यंदा पावसाने दडी मारली, गाव दिवसाआड येणाऱ्या टँकरवर आलं, तेव्हा कुठे मंडळींनी आपल्या विहिरीला हात घातला.

यारीचं डिझेल शहरातली एक संस्था देत असे. बदल्यात तिला एकच गोष्ट हवी होती. मंडळींचं फोनवर एक पेज असावं, त्यावर काम दिसत राहावं, म्हणजे बघणारे देणगी देतात. हे पेज वहिनीच्या गळ्यात पडलं, कारण मुकादम फोनसमोर उभा राहिला की पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसायचा.

पेज कसं चालवायचं ते शिकवायला संस्थेची एक मुलगी येऊन गेली होती. मंडळी तिला पेजवाली ताई म्हणत. पोरगी स्वभावाने चांगली होती, गाळात पाय घालायला लाजली नाही. "वहिनी, लोकांना खरेपणा हवा असतो," ती सांगायची. "सजवायचं नाही. आहे ते दाखवायचं." मग फोन डोळ्याला लावून म्हणायची, "हात जरा अजून मळवा ना. आणि असं हसू नका, दमल्यासारखं बघा." वहिनी दमलेलीच होती, पण दमल्यासारखं कसं बघतात हे तिला शिकावं लागलं. पुढे पुढे ते तिला इतकं जमलं की ताई फोन करून शाबासकी द्यायची.

त्या दिवशी संध्याकाळी ताईचाच फोन आला. संस्थेचा वार्षिक मेळावा गुरुवारी होता. मोठ्या पडद्यावर सगळ्या गटांची कामं दाखवणार, देणगीदार समोर बसणार आणि कोणाला वर्षभर डिझेल द्यायचं ते तिथेच ठरणार.

"तुमचं पाणी कधी लागतंय, वहिनी?"

"पाणी काय आम्हाला विचारून येतं?"

"तसं नाही हो. पण गोष्टीला शेवट लागतो ना. बाकी सगळ्या गटांनी पाण्याचा शॉट पाठवलाय. तुम्ही नुसता गाळच पाठवताय. बुधवारपर्यंत बघा काही जमतंय का."

जेवताना वहिनीने हे सांगितलं. प्रत्येकाच्या ताटाजवळ एकेक पेला पाणी होतं आणि ते जेवण संपेपर्यंत पुरवायचं होतं. आबा घोट घेत नव्हता, नुसते ओठ बुडवत होता.

"नाही लागलं तर नाही लागलं," मुकादम म्हणाला. "तसं कळव."

"आणि डिझेल बंद झालं म्हणजे? पलीकडच्या दोन गावांना शब्द दिलाय तुम्ही."

"लागेल की. भेग मिळालीय."

"लागेल ना? मग चार दिवस आधी दाखवलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मुकादमाने घास हातातच ठेवून तिच्याकडे पाहिलं. मग तिने मनात घोळवलेलं सगळं सांगून टाकलं. उद्याचा टँकर चौकातल्या टाकीत रिकामा करण्याऐवजी विहिरीत सोडायचा. तळात गुडघाभर पाणी होईल. शॉट घ्यायचा. नंतर गावाने तेच पाणी डब्याने वर काढून घागरी भरायच्या. थेंब वाया जाणार नाही, फक्त टाकी बदलायची.

"हे खोटं आहे," मुकादम म्हणाला.

"उद्या खरं होणारं आज दाखवायचं, त्याला खोटं म्हणतात का? आबा, तुम्ही सांगा. तळ पाणी धरील ना?"

आबाने आयुष्यभर तळच बघितलेले. कोणी आपल्याला काही विचारलं याचाच त्याला हल्ली आनंद व्हायचा. "धरील तर. तो तळ म्हणजे काळा पाषाण आहे. रांजणासारखं धरील," तो म्हणाला.

हा पाषाण त्याने पाहिला होता तरुणपणी. आज सकाळी त्याच पाषाणात मुलाची पहार हातभर गेली होती, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि त्या वेळी तिघांतल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. पाणी यायच्या वाटेवर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना जायची वाट सुचली नाही. मुकादमाने नाही म्हणून दोनदा मान हलवली, हात धुवायच्याऐवजी फडक्याला पुसले आणि उठून बाहेर गेला. वहिनीने त्याचा होकार धरला.

दुसऱ्या दिवशी बायकांना पटवण्यातच तिची अर्धी सकाळ गेली. सगळ्यांत अवघड होती शिंपीण. तिचं शिवणाचं मशीन रस्त्यावरच होतं आणि गावातली प्रत्येक गोष्ट तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"पाणी दाखवायचं शहराला आणि प्यायचं आम्ही गढूळ?" शिंपीण सुईत दोरा ओवत म्हणाली.

"निवळून घ्या की घरी. एका दिवसाचा प्रश्न आहे. डिझेल मिळालं तर विहीर पुरी होईल, मग टँकरची वाटच बघायला नको."

"तुझी जबाबदारी?"

"माझी."

"मग ठीक आहे. दोन घागरी माझ्या. लक्षात ठेव."

टँकरवाल्याला काय, टाकी काय आणि विहीर काय. त्याने पाइप काठावरून खाली सोडला. मुकादमामागोमाग वहिनी यारीच्या डब्यात बसून तळाशी उतरली, ब्रेक तेवढ्यापुरता मंडळींतल्या एकाने धरला आणि त्याच्या बायकोने वरून फोन. पाण्याची धार खडकावर आदळली आणि गार शिंतोडे वहिनीच्या तोंडावर उडाले. किती दिवसांत तिच्या अंगाला इतकं पाणी लागलं नव्हतं. पाणी घोट्याच्या वर आलं, पोटरीला लागलं. वरून कोणीतरी ओरडलं, "आता पाइप काढलाय, बोला!"

बोलायचं मुकादमाने, असं ठरलं होतं. तो पाण्यात उभा राहिला, तोंड उघडलं आणि त्याच्या घशातून शब्द फुटेना. मग वहिनीच वाकली, ओंजळ भरून डोक्यावर ओतली आणि वर बघून म्हणाली, "लागलं हो. पाणी लागलं." आणि तिला रडू फुटलं. ते रडणं मात्र बेतलेलं नव्हतं. इतके महिने तिला हेच वाक्य म्हणायचं होतं, त्याची इतकी तहान होती, की खोटं म्हणतानाही छाती भरून आली.

डोळे पुसले तेव्हा पाणी पोटरीखाली उतरलेलं होतं.

"हे काय?" ती म्हणाली.

मुकादम खाली बसून पाण्यात हात घालून चाचपडत होता. "भेग," तो म्हणाला. त्याने तिथे गाळ थापला, अंगातला सदरा काढून कोंबला, वरून पाय रोवून उभा राहिला. "डबा सोडा! लवकर सोडा!"

डबे गेले, आले. पहिले काही डबे गढूळ, मग राड, मग नुसता चिखल. ज्या भेगेतून पाणी यायचं होतं त्याच भेगेतून गावाचा टँकर खडकाच्या पोटात गेला होता. वर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका आधी ओरडत होत्या, नंतर गप्प झाल्या. ते गप्प होणं वहिनीला तळाशी ऐकू आलं आणि तिला वर जावंसं वाटेना.

संध्याकाळी शिंपीण दारात उभी राहिली. शिवी नाही, शाप नाही. दोन रिकाम्या घागरी उंबऱ्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "माझ्या दोन." वहिनीने घरातला साठा त्या घागरींत ओतला. दुसरी काठाला दोन बोटं कमी राहिली. शिंपिणीने ती उचलून उजेडात बघितली, "राहू दे," म्हणाली आणि गेली. एवढा अपमान वहिनीचा आयुष्यात झाला नव्हता, आणि करणाऱ्याला दोष देता येत नव्हता हे त्याहून वाईट.

तरी शॉट पाठवला होता. आता निदान डिझेल तरी पदरात पडावं. आणि शॉट असा गेला की विचारू नका. मेळाव्यात लोक उभे राहिले, असं पेजवाली ताई सांगत होती आणि सांगता सांगता तिचाच आवाज चिरकत होता. "वहिनी, तुमचं ते रडणं! लाखो लोकांनी बघितलंय. इतकं खरं काही आम्ही वर्षानुवर्षं टाकलं नव्हतं."

वहिनीने फोन ठेवला. ठरल्या दिवशी टँकर येईल, झाल्या गोष्टीवर पडदा पडेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण ठरल्या दिवशी टँकर आला नाही. सगळं गाव टाकीपाशी उन्हात उभं. वहिनीनेच टँकरवाल्याला फोन लावला.

"तुमच्याकडं कशाला?" तो म्हणाला. "तुम्हाला पाणी लागलंय ना? आमच्या बायकोनं मला दाखवलं. वरून तुमची फेरी बंद केलीय, दुसऱ्या गावाला दिलीय."

फोन मोठ्या आवाजात होता. टाकीपाशी सगळ्यांनी ऐकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, एवढंच कोणीतरी बोललं, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. घरी आली तर आबा पालथा पेला ओठांवर धरून शेवटचा थेंब पडायची वाट बघत होता. सुनेला बघून त्याने पेला झटकन खाली ठेवला. "तहान नाही मला," तो म्हणाला. "उगाच आपला चाळा." वहिनीला ब्रह्मांड आठवलं.

त्याच पावली दोघं नवरा-बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. साहेब तरुण होता, टेबलावर पंख्याखाली कागद फडफडत होते. "या, अभिनंदन," तो उठून म्हणाला. मुकादमाने खाली मान घातली. सगळं वहिनीनेच सांगितलं. साहेब हळूहळू खाली बसला.

"म्हणजे पिण्याचं पाणी ओतून तुम्ही नाटक केलंत."

"हो."

"आणि आता मी विश्वास ठेवायचा की आत्ताचं खरं आहे? बाई, टँकर चालू राहावा म्हणून लोक भरल्या विहिरी झाकून ठेवतात. माझ्या वरच्यांनी तुमचं पाणी डोळ्यांनी बघितलंय."

"येऊन बघा मग."

"जीप दुरुस्तीला गेलीय. सोमवारशिवाय नाही." त्याने आबाच्याच वयाच्या कोणाचा तरी विचार केला असावा, कारण आवाज थोडा उतरला. "असं करा. जिथं खोटं सांगितलंत तिथंच खरं सांगा. उद्या सकाळी पेजवरून थेट दाखवा. कापलेलं, जोडलेलं नको. मी बघतो, वरच्यांनाही बघायला लावतो. तळ कोरडा दिसला तर दुपारी टँकर सोडतो. मात्र कोणी केलं ते नाव घेऊन सांगायचं. त्या माणसाला यापुढं एकाही सार्वजनिक विहिरीवर उभं राहू देणार नाही मी. एवढं करावंच लागेल मला."

परतताना वाटेत वहिनीने पेजवाली ताईला फोन करून सगळं सांगितलं.

"वहिनी, असं नका करू," ताई म्हणाली. रडकुंडीला आली होती. "संस्थेचं नाव जाईल. मीच पुढे केलं होतं तुम्हाला. ऐका, पाणी लागलं होतं पण आटलं, असं सांगा ना. झरे आटतातच. टँकरही मिळेल, डिझेलही राहील. कोणाचंच वाईट होणार नाही."

वहिनीला मोह पडला. खरंच पडला. सगळं एका शब्दावर निभावत होतं. तिने फोन हाताने झाकून नवऱ्याला विचारलं, "आटलं म्हणू?"

मुकादम रस्त्याकडे बघत चालत होता. "आटलं म्हणालो तर तिथं झरा होता असं ठरेल," तो म्हणाला. "आपल्यामागे कोणीतरी त्याच भेगेत जन्म घालवील. म्हणू नको."

तिने ताईला नाही म्हणून सांगितलं. ताईने पुन्हा विचारलं नाही.

सकाळी विहिरीभोवती सगळं गाव जमलं. सदरा कोंबलेला तळ तसाच होता, वाळून भेगाळलेला. तळाशी रेंज नव्हती, म्हणून मुकादम खाली उतरला आणि वहिनी काठावर फोन धरून राहिली. शिंपीण तिच्या खांद्याशी येऊन फोनमध्ये डोकावली.

"बघणारे किती?"

"असतील तीस-चाळीस."

"खोट्याला लाखो आणि खऱ्याला चाळीस. बरंय."

त्या चाळिसांत साहेब होता, तेवढ्यावर सगळं होतं. वहिनीने फोन तळाकडे वळवला. आपल्यालाच पहिल्यांदा बोलावं लागेल म्हणून ती घसा साफ करत होती, तोच खालून मुकादमाचा आवाज आला. फोनसमोर ज्याची बोबडी वळायची तो माणूस खणखणीत बोलत होता.

"या विहिरीला पाणी लागलेलं नाही. कधीच लागलं नव्हतं. बघा." त्याने मूठभर माती उचलली आणि वर उडवली. ती धुरळ्यासारखी पसरली. "जे दिसलं ते टँकरचं होतं. गावाच्या पिण्याचं. ते ओतायची अक्कल माझी. घरातल्या कोणाचा, गावातल्या कोणाचा संबंध नाही. मी सांगितलं म्हणून बायको ते वाक्य बोलली. नाव माझंच लिहा."

विहिरीवर उभं राहायचं नाही म्हणजे या माणसाने करायचं तरी काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं. आजूबाजूच्या बायकांना कल्पना कोणाची ते माहीत होतं. वहिनी त्यांच्या दारोदार फिरली होती.

"वाचवतोय तो तुला," शिंपीण अगदी हळू म्हणाली. "आम्ही कोणी बोलणार नाही. गप्प राहा."

दया आली होती शिंपिणीला. त्या दोन घागरींपेक्षा ही दया वहिनीला जड गेली. तिने फोन उलटा केला. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला, ओठ फुटलेला, दमल्यासारखा न बघणारा.

"कल्पना माझी होती," ती म्हणाली. "ते नाही म्हणत होते. दोनदा नाही म्हणाले. बायकांना मी पटवलं, टँकरवाल्याला मी सांगितलं, लागलं असं मी बोलले. आत्ता ते जे बोलले ते खोटं आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही, त्या दिवशीही आलं नाही. आज माझ्यासाठी बोलले. नाव माझं लिहा, साहेब."

"बंद कर तो फोन!" खालून मुकादम ओरडला. तिने बंद केला नाही. पडद्यावर साहेबाची एक ओळ उमटेपर्यंत ती तशीच उभी राहिली. टँकर दुपारी येईल, आणि उद्यापासून बाईंनी विहिरीवर यायचं नाही.

मुकादमाला वर घ्यायचं होतं. तिने शेवटचं म्हणून ब्रेकला हात घातला आणि त्याला सावकाश, एकही झटका न देता वर आणलं. डब्यातून उतरून तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

दुपारी टँकर आला. वहिनी घागर घेऊन टाकीपाशी गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. मागून कोणी आलं की ती बाजूला सरकून त्याला पुढे घालायची. कोणी नको म्हणालं नाही. टाकीतली पातळी उतरत चालली होती. शेवटी तिच्या मागे येणारं कोणी उरलं नाही असं तिला वाटलं, तेव्हा भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. तिने वळून बघितलं.

मुकादम होता. पाण्याच्या रांगेत तो जन्मात उभा राहिला नव्हता, गावातला कोणताच पुरुष राहत नसे. हातात घरातली मोठी घागर होती आणि ती कशी धरायची हेही त्याला धड माहीत नव्हतं. पुढच्या बायका वळून वळून बघत होत्या.

वहिनी बाजूला सरकली. "व्हा पुढे," ती म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "तू भर. उरलं तर मी घेईन."